छबू पॉटवरून उतरेना

मित्रांनो, मी एक जुना आइस्क्रीमचा पॉट आहे. डोंबिवलीला मधुकररावांच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, माळ्यावर पापडांच्या डब्याशेजारी मी पालथा पडलेला असतो. पालथं पडल्यामुळे मला दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. आणि खरं सांगू का, उताणा असतो तरी काय मोठे दिवे लावले असते? माझी जातच अशी की दिसलं तरी बोलता येत नाही, आणि कळलं तरी हलता येत नाही. कुणीतरी हँडल फिरवावं तेव्हा मी फिरायचं.

माझा जन्म ठाण्याचा. सागवानी फळ्यांची बादली, तिला लोखंडी पट्ट्या, आत कल्हई केलेला उंच डबा, डब्यात लाकडी पातं, डोक्यावर दातेरी चाकं आणि बाजूला हँडल. बादलीला वरच्या बाजूला, डब्याच्या झाकणाच्या जरासं खाली, एक भोक आहे आणि त्याला बूच आहे. ते बूच तेवढं लक्षात ठेवा. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ठाण्याच्या एका वकिलांनी मला हौसेने घरी नेलं. वकिलीणबाईंची हौस एका हंगामात फिटली आणि मी त्यांच्याकडे कारकुनी करणाऱ्या मधुकररावांच्या हाती पडलो. मला मुळीच वाईट वाटलं नाही. वकिलांकडे मला गडी फिरवायचा. इथे घरातली माणसं फिरवू लागली.

मधुकरराव आणि वासंतीबाई, दोघंच. त्यांना मूलबाळ नव्हतं. पण मी आलो तेव्हा घरात एक इवलीशी मुलगी रांगत होती. तिचं नाव छबू. ही मधुकररावांच्या बहिणीची मुलगी. बहीण बाळंतपणातच गेली. छबूचे वडील वामनराव भुसावळला रेल्वेत नोकरीला, एकटा पुरुष तान्ह्या पोरीला कसा सांभाळणार? म्हणून मामीने तिला दहाव्या दिवशी पदराखाली घेतलं ते घेतलंच.

त्या घरात विकतचं असं फारसं काही येत नसे, पण मजेला तोटा नव्हता. चैत्र उजाडला की मामी कुरडयांचा चीक शिजवायची. त्यातला पहिला गरम गोळा, वर तेल घालून, छबूच्या वाटीत. पापडाच्या लाट्या लाटण्याआधीच निम्म्या तिच्या पोटात जायच्या, आणि मामी रागावल्यासारखं करून आणखी एक पुढे करायची. मामा चिंचोक्यांना एका बाजूने घासून तिला सोंगट्या करून द्यायचा आणि मुद्दाम हरायचा. आणि मे महिन्याच्या एखाद्या रविवारी माझी पाळी यायची.

माझा थाट सांगतो. आदल्या दिवशी मला विहिरीच्या पाण्यात भिजत टाकायचे, म्हणजे लाकूड फुगून फटी बुजतात. सकाळी मामा कल्याणहून बर्फ आणायचा, भुशात घालून, गोणपाटात गुंडाळून. जाडं मीठ आणायची आवडाबाई. तिचा नवरा खाडीकडच्या मिठागरावर कामाला होता. मामी दूध आटवून, त्यात रायवळ आंब्याचा रस घालून डब्यात ओतायची. मग डब्याभोवती बर्फाचा थर, मिठाचा थर, पुन्हा बर्फ. मामा हँडलला बसायचा. पण हँडल जोरात फिरवलं की मी सगळाच नाचायला लागतो. मला वरून दाबून धरायला कुणीतरी हवं. म्हणून माझ्या डोक्यावर गोणपाटाची घडी टाकायची आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाला वर बसवायचं, अशी आमच्याकडची रीत. पहिल्या वर्षी छबूला मामीने धरून बसवलं होतं. पुढे ती आपली आपण चढायला लागली. बूड गार पडलं तरी हलायची नाही. मामा विचारायचा, "काय राणीसरकार, झालं का आइस्क्रीम?" ती वाकून हँडलकडे बघायची. हँडल जड होऊन अडलं की ऐटीत म्हणायची, "झालं!" तिने म्हटल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हाही कायदा. मध्ये मध्ये मामी येऊन माझं बूच काढायची आणि चढलेलं खारं पाणी सोडून द्यायची. ते काम तिचं. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानातही येत नसे.

मित्रांनो, मला तेव्हा जरा गर्व झाला होता. वाटायचं, ही पोर माझ्या डोक्यावर बसते म्हणजे हे घर माझ्याच आधारावर आहे.

छबू पाच वर्षांची झाली आणि वामनरावांचा निरोप आला. त्यांनी वर्षापूर्वी दुसरं लग्न केलं होतं. आता घर लागलं होतं, शाळा जवळ होती. मुलीला न्यायला येतो, असं त्यांनी कळवलं. त्यांचं काही चुकलं होतं का? नाही. बापाने आपली मुलगी नेऊ नये असं कोण म्हणेल? मधुकरराव दोन दिवस नीट जेवले नाहीत, पण म्हणाले हेच, "त्यांचीच आहे ती. आपण कोण नाही म्हणणार?"

छबूला सांगायचं कुणी? मामीने सांगितलं. पण सरळ कुठे सांगवतंय! पोरीने विचारलं, "मी कधी जायचं?" आणि मामीच्या तोंडून निघून गेलं, "आत्ता नाही काही. आधी आपण आइस्क्रीम करायचं. ते झालं की मग जायचं."

वेळ मारून नेण्याची मोठ्यांची ही नेहमीची रीत. जेवण झालं की गोष्ट, अंघोळ झाली की खाऊ. मी तिथेच कोपऱ्यात होतो. छबू उठून माझ्याकडे आली आणि माझ्या हँडलवर हात ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली. तिच्या मनात काय शिजतंय ते मला कळायला हवं होतं. कळलं असतं तरी मी काय करणार होतो म्हणा.

तो रविवार आला. वामनराव आदल्या रात्रीच आले होते. उंच, अबोल माणूस. मुलीसाठी लाकडी बाहुली आणली होती, पण ती द्यायची कशी हे कळेना म्हणून तशीच हातात धरून बसले होते. छबू मामीच्या पाठीमागून त्यांच्याकडे बघायची आणि पुन्हा लपायची.

सकाळी आवडाबाई मिठाची टोपली घेऊन दारात आली. "पोर आज जाते नं गो?" तिने हळूच विचारलं. मामीने नुसती मान हलवली. "मंग मीठ मी घालते. तू पोरीचं बग," असं म्हणून तिने पदर खोचला आणि मिठाचे थर स्वतः रचून दिले. जाताना छबूच्या गालाला हात लावून म्हणाली, "जा माजे बाय, मोटी हो." छबू तिला म्हणाली, "मी नाही जात. आइस्क्रीम कुठे झालंय अजून?"

गोणपाट टाकलं, छबू वर चढून बसली. मामाने हँडल धरलं. मामी आत गेली, छबूची ट्रंक भरायला. परकर-पोलकी, चिंचोक्यांच्या सोंगट्या, कुरडयांचा डबा. संध्याकाळची गाडी होती.

हँडल फिरत राहिलं. डब्याच्या कडेला आइस्क्रीम धरू लागलं, मग पात्याला चिकटू लागलं, मग हँडल जड झालं. माझ्या पोटात इतकं सुरेख आइस्क्रीम त्याआधी कधी जमलं नव्हतं. आवडाबाईचा हातच तसा. मामा थांबला. कपाळ पुसून त्याने नेहमीसारखं विचारलं, पण आवाज नेहमीचा नव्हता. "काय राणीसरकार, झालं का?"

छबूने हँडलकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही झालं."

मामा पुन्हा फिरवू लागला. जोर लावावा लागत होता. "आता तरी?"

"नाही!"

"छबे, हँडल हलत नाही गं."

"नाही झालं, नाही झालं, नाही झालं," असं म्हणत तिने दोन्ही हातांनी माझ्या लोखंडी पट्ट्या घट्ट धरल्या. तेव्हा मामाला कळलं. तो हँडल सोडून उठला आणि खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. तिला उचलून खाली ठेवायला कितीसा वेळ लागला असता? पण त्याच्याने ते होईना.

मग वामनराव उठले. बाहुली खाली ठेवली आणि माझ्यापाशी उकिडवे बसले. "मी फिरवतो," ते म्हणाले. हँडल अडलेलं आहे हे त्यांच्या हाताला लगेच कळलं. मलाही त्यांचा हात कळला. क्षणभर ते थांबले आणि मग हळूहळू, ताकद लावून फिरवू लागले. म्हणाले, "खरंच की. अजून नाही झालं."

छबूने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

ते फिरवत राहिले. ऊन खिडकीतून माझ्या अंगावर आलं. बर्फ वितळू लागला. खारं पाणी चढत चढत बुचापाशी आलं. मामी आत ट्रंकेशी बसलेली, तिची चाहूलही नाही. पाणी बुचाच्या वर गेलं. मी आतल्या आत ओरडत होतो, अरे, कुणीतरी बूच काढा! वासंतीबाई, पाणी चढलंय! पण माझी हाक कुणाच्या कानावर जाणार? पाणी झाकणाला टेकलं आणि मग झाकणाच्या कडेने एकेक थेंब आत उतरू लागलं. हँडल पुन्हा हलकं झालं. वामनरावांना तेही कळलं असणार. पण ते थांबले नाहीत.

रडून आणि बसून छबूला डुलकी आली. तिचं डोकं कलंडलं ते थेट वामनरावांच्या खांद्यावर. त्यांचा हात थांबला. ते तसेच, उकिडवे, अवघडून बसून राहिले. मामी बाहेर आली तेव्हा तिने ते पाहिलं, आणि मग खाली माझ्याकडे नजर गेली. "अगबाई, बूच!" म्हणून ती धावली. वरातीमागून घोडं! भळभळ पाणी वाहून गेलं, पण जायचं ते आत गेलेलंच होतं.

झाकण उघडलं. पातळ झालेला, पिवळा, खारट काला. मामीने बोट लावून चाखलं आणि तिथेच मटकन खाली बसली. "आजच, आजच असं व्हायचं होतं," म्हणून ती रडू लागली. वामनरावांनी मान खाली घातली. "मीच थांबायला हवं होतं, वहिनी." मामा म्हणाला, "असू दे. वाट्या आण." चौघांना चार वाट्या. मामाने खाल्लं. वामनरावांनी खाल्लं, म्हणाले, "चांगलं आहे."

छबू जागी झाली होती. तिने एक चमचा तोंडात घातला, तोंड वाकडं केलं आणि एकदम तिचा चेहरा उजळला.

"मामी, हे बिघडलं ना? म्हणजे झालंच नाही. मग मी जायचं नाही ना?"

मित्रांनो, त्या खोलीत तीन मोठी माणसं होती. तिघंही आपापली वाटी खरवडू लागली. मी तर लाकडाचा.

संध्याकाळी ती गेली. दारातून जाईपर्यंत ती एवढंच म्हणत होती, "पण झालं नव्हतं ना! तू म्हणाली होतीस ना!" जिन्यावर तिचा आवाज आला, मग रस्त्यावर आला, मग नाही आला. मामीने मला धुतलंही नाही. मामाने चार दिवसांनी मीठ खरवडलं आणि मला माळ्यावर पालथा ठेवला. शेजारच्या विमलाबाई एकदा मला मागायला आल्या, तर मामी पटकन म्हणाली, "तो नाही देता यायचा. त्यातलं आइस्क्रीम व्हायचंय अजून."

दोन उन्हाळे गेले. लाकूड सुकलं, फळ्यांना फटी पडल्या, पट्ट्या सैल झाल्या, चाकांना गंज चढला. आणि मागच्या मे महिन्यात खाली एक आवाज ऐकू आला. जरा मोठा झालेला, पण तोच. वामनराव छबूला चार दिवस घेऊन आले होते. मामीने हौसेने मला खाली काढायला लावलं. मला वाटलं, जन्म सार्थकी लागला! पण दोन वर्षं सुकलेलं लाकूड एका रात्रीत कुठे फुगणार? पाणी ओतलं तर दहा फटींतून गळून गेलं. मामी ओशाळून म्हणाली, "बाई गं, मीच जपलं नाही त्याला."

"राहू दे मामी," छबू म्हणाली. तिने स्वतःच गोणपाट शोधलं, माझ्यावर घडी टाकली आणि बसली. तिचे पाय आता जमिनीला टेकत होते. बसल्या बसल्या ती मामीला भुसावळच्या गोष्टी सांगत होती. शाळेच्या, मैत्रिणींच्या, आणि "आई असं म्हणते, आई तसं करते" अशा. मामी हसून हं हं करत होती आणि पदराने माझी गंजलेली चाकं पुसत होती.

जायच्या दिवशीही ती माझ्यावरच बसली होती. बाहेरून वामनरावांनी हाक मारली, "छबू, निघायचं."

मामा चटकन उठून खिडकीशी गेला. मामीने माझं हँडल घट्ट धरलं. मीसुद्धा सगळी सुटलेली लाकडं आवळून वाट बघत राहिलो.

"आले, बाबा," छबू म्हणाली आणि आपली आपण उतरली.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याचं मीठ धुऊन टाका, चाकांना तेल द्या, अधूनमधून भिजवत जा. आणि लहान मूल एखाद्या गोष्टीवर हट्टाने बसून राहिलं तर त्याला लगेच उचलू नका. थोडं बसू द्या. एक दिवस ते पहिल्याच हाकेला उतरतं, आणि तेव्हा त्याला कुणीच धरून ठेवू शकत नाही.