रविवारची यादी

छबूबाईंचा अर्ज हाताला लागला तेव्हा साडेदहा वाजले होते, आणि त्या दिवसाची ऊसतोडीची यादी वडगाव निंबाळकरला पोहोचून चार तास उलटले होते. भानुदासने अर्ज दोनदा वाचला. दीड एकराचा प्लॉट बेण्यासाठी, म्हणजे पुढच्या लागणीसाठी, राखून ठेवावा, गाळपाला तोडू नये. खाली अंगठा, शेजारी त्याचीच सही, तारीख मंगळवारची. आज गुरुवार. त्याने कॉम्प्युटरवर तो प्लॉट काढून पाहिला. नोंद बरोबर होती, बेणे म्हणूनच लागली होती. मग त्याने यादीची प्रत उलगडली. तिथे तोच प्लॉट, तीच बाई, आणि पुढे छापलं होतं: गाळप, तोड आज.

एकाच यंत्रात एकाच उसाबद्दल दोन गोष्टी कशा, हे दुसऱ्या कुणाला कोडं वाटलं असतं. भानुदासला कारण पक्कं ठाऊक होतं.

कारखान्याच्या शेतकी खात्यात तो एकतीस वर्षं ऊसनोंदीचा कारकून होता. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांतले मिळून सतरा हजार प्लॉट त्याच्या टेबलावरून जात. सत्त्याण्णव साली कॉम्प्युटर आला. यादी काढायची म्हणजे यंत्राला प्रत्येक प्लॉटची लागण, जात, खोडवा, टोळी अशी चार ठिकाणची माहिती जुळवावी लागे. त्यात पाऊण तास जाई, आणि तेवढा वेळ वजनकाट्याचा कॉम्प्युटरही मान टाकून बसे. काट्यावर बैलगाड्यांची रांग लागे आणि टोळ्या दुपारपर्यंत हातावर हात ठेवून बसत.

यंदा, नव्व्याण्णवच्या हंगामाला तोंड लागताना, पुण्याहून रश्मी नावाची प्रोग्रामर आली आणि तिने यावर तोड काढली. सगळी जुळवाजुळव एकदाच करायची, तिचा तयार तक्ता यंत्रातच साठवून ठेवायचा, आणि रोजची यादी त्या तक्त्यावरून काढायची. मटेरियलाइज्ड व्ह्यू असं त्याचं भारदस्त नाव. यादी एका मिनिटात निघू लागली. टोळ्या सकाळी सातला फडात. भानुदास इतका खूश झाला की ते नाव पाठ करून त्याने घरी बायकोला, मालनबाईला, ऐकवलं. तिने "जेवा आता" म्हणत ताट पुढे सरकवलं.

जाताना रश्मीने त्याला बजावलं होतं. "काका, हा फोटो आहे. काढल्यानंतर माणूस दाढी करून आला, तरी फोटोत दाढी तशीच दिसणार. रोज नवा काढत जा."

नवा काढायचा म्हणजे पुन्हा तोच पाऊण तास आणि काट्यावर पुन्हा तीच बोंबाबोंब. हंगामात काटा दिवसरात्र चालतो. भानुदासने दोन दिवस तक्ता ताजा केला. तिसऱ्या दिवशी काट्यावरची माणसं खिडकीशी येऊन भांडली. भानुदास मुळात भिडस्त. त्याने ते काम रविवारवर ढकललं, कारण रविवारी दुपारी काटा जरा मोकळा असे. महिना-दीड महिना काही बिघडलं नाही, तेव्हा हेच बरोबर आहे असंही त्याला वाटू लागलं.

त्याने घाईघाईने रविवारनंतर बदललेल्या नोंदी तपासल्या. सात होत्या, त्यातली आजच्या यादीत एकटी छबूबाईंचीच. वडगावच्या गट ऑफिसला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही. मग त्याने लूना काढली.

हा ऊस साधा नव्हता. नव्या जातीचं मूठभर बेणं आणून छबूबाईंनी ते वाढवलं होतं, नवऱ्यामागे एकटीने, एकेका ओळीला पाणी दाखवत. गावातले बारा शेतकरी सऱ्या पाडून त्या बेण्याची वाट बघत होते. हे चरकात गेलं तर छबूबाईंची दहा महिन्यांची मेहनत गेली आणि त्या बाराजणांच्या लागणीही. शिवाय 'भानुदासरावांची नोंद' म्हटल्यावर आजवर कुणी कागद मागितला नव्हता, तेही जाणार होतं. समोरून उसाच्या गाड्या येत होत्या. छबूबाईंच्या उसासारख्या जांभळट कांड्या दिसल्या की तो लूना हळू करून निरखून बघे. एक गाडी त्याने थांबवलीच, तर ती कोऱ्हाळ्याची निघाली, जुन्याच जातीची.

वडगावच्या शिवारात वळल्यावर त्याला ऊस दिसला. उभा होता. बांधाकडच्या दोन सऱ्या तेवढ्या मोकळ्या झाल्या होत्या. टोळी सावलीला बसली होती, आणि छबूबाई फडाच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. भानुदासला इतकं हायसं वाटलं की लूना स्टँडवर लावायचं सुचेना. त्याने ती बाभळीला टेकवली आणि मटकन बांधावर बसला.

यादी घेऊन आलेला चिटबॉय संभाजी, नावाला बॉय, वय पंचेचाळीस, वैतागून पुढे आला. यादीत तोड असताना बाई कुणाला आत जाऊ देत नाहीत, अशी त्याची तक्रार. टोळीचा मुकादम गेणबा मात्र शांत होता.

"दोन सऱ्या तोडल्या तवर बाई पळत आल्या," तो म्हणाला. "म्हनल्या, भानुदासरावांनी माज्यादेखत नोंद बदललीया. म्हनलं, मग त्यो मानूस येऊ द्या. त्याच्या तोंडून आयकू."

"म्हंजी कॉम्प्युटर चुकला म्हना की," संभाजी म्हणाला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणालाच ते पटायला अवघड गेलं नाही. भानुदासने नुसतं व्हय म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"न्हाय," तो म्हणाला. "कॉम्प्युटर न्हाय चुकला. यादीचा तक्ता रोज ताजा करायचा हुता. लोक वरडत्यात म्हनून म्या रविवारचाच चालवला. चूक माजी हाय."

मग त्याने यादीतल्या त्या प्लॉटवर काट मारून सही केली आणि टोळीला पुढचा प्लॉट नेमून दिला. तोडलेल्या दोन सऱ्यांचा ऊस छबूबाईंनी आधीच त्या बाराजणांतल्या सारजाच्या रानात पोहोचवला होता. तिथे टिपऱ्या करून लागणही सुरू झाली होती, एक कांडं वाया गेलं नव्हतं. आजपासून कुणी कितीही ओरडो, तक्ता रोज ताजा होईल, असं भानुदासने सांगितलं. सांगताना त्याला खूप मोकळं वाटलं.

टोळी उठून गेली तशा छबूबाई जवळ आल्या.

"भानुदासराव, अठरा वर्सं झाली, म्या तुमच्याकडं कंदी कागद मागितला न्हाय."

"व्हय, बाई."

"आज लिवून द्या."

त्याला ते लागलं. पण त्या रागाने बोलल्या नव्हत्या आणि त्यांचं काही चुकतही नव्हतं. त्याने खिशातली वही काढली, लूनाच्या सीटवर ठेवली, आणि प्लॉट नंबर, नाव, 'बेण्यासाठी राखीव, तोडू नये', तारीख, सगळं ठळक अक्षरात लिहून खाली पूर्ण सही केली. छबूबाईंना वाचता येत नव्हतं. म्हणून त्याने शब्दावर बोट ठेवत तो कागद त्यांना वाचून दाखवला.

त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आनि एकदा वाचा," त्या म्हणाल्या.

भानुदासने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.