दुसरा ब्रेक

त्या शहरातल्या अर्ध्या लोकांना गाडी चालवायला तिने शिकवलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यांना रस्त्यातून बाजूला व्हायला. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशीही एक ब्रेक होता आणि नवा शिकाऊ शेजारी बसला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, “ब्रेक माझ्याकडेही आहे. तुम्ही फक्त रस्ता बघा.” एवढं ऐकलं की भल्याभल्यांच्या मुठी सैल व्हायच्या.

गंमत म्हणजे तो ब्रेक ती जवळजवळ कधी वापरतच नसे. उठसूट ब्रेक मारणाऱ्या मास्तरांचा तिला मनापासून राग होता. “अशानं माणूस गाडी शिकत नाही, मास्तरावर विसंबायला शिकतो,” असं ती सोबतच्या शिक्षकांना तोंडावर सुनावायची. समोरून ट्रक येवो नाहीतर शाळा सुटलेली असो, मास्तरीणबाईचा पाय आपला जमिनीवर. तिला त्या पायाचा भारी अभिमान होता.

तर अशा बाईला दिवस गेले आणि तिचं धाबं दणाणलं.

मूल हवं होतं, हे आधी सांगून टाकलेलं बरं. तिला हवं होतं, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तिच्या नवऱ्यालाही हवं होतं. फक्त ते बाहेर कसं यायचं हा विषय तिला नको होता. आणि लोक तर दुसरा विषय काढायला तयार नव्हते. पोटुशी बाई दिसली की प्रत्येकीला आपलं बाळंतपण आठवतं, आणि सुखरूप पार पडलेलं सांगण्यात कुणाला रस नसतो. वाण्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, लिफ्टमध्येसुद्धा तिला कुणी ना कुणी गाठायचंच. नवरा म्हणायचा, “होईल गं सगळं नीट.” त्याच्या हाताखाली आलेलं बिघडलेलं घड्याळ नीटच होऊन जायचं, त्यामुळे त्याला ते म्हणणं सोपं होतं.

तिची भीती मात्र जुनी होती. शाळेत असताना ती ताईच्या बाळंतपणाला इस्पितळात गेली होती. खोलीबाहेरच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन बसली असताना आतून ताईची एक किंकाळी आली. भाचा गुटगुटीत झाला, ताई खडखडीत बरी झाली, भाचा आता मिशा कोरायला लागला होता. किंकाळी मात्र तिच्या कानातून गेली नव्हती. आठवा महिना लागला तशी ती रोज ऐकू यायला लागली. ज्या गाडीत आपण बसलोय तिला आपल्या बाजूने ब्रेकच नाही, असं तिला वाटायचं, आणि हे ती कुणालाही सांगत नव्हती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते खोटं नाही.

त्याच सुमाराला तिच्याकडे सिस्टर शिकायला आल्या. केस पांढरे होत आलेल्या, बुटक्या, आवाज असा की लांबच्या खोलीतला पेशंट उठून बसावा. इस्पितळाच्या प्रसूतीच्या खोलीत त्यांची उभी हयात गेली होती. ज्या मैत्रिणीच्या गाडीतून त्या कामावर जात ती निवृत्त झाली, म्हणून या वयात स्टिअरिंग हातात घ्यायची पाळी आली. निम्म्या शहराची पोरं हातात झेललेली ही बाई क्लच म्हटलं की घामाघूम व्हायची. सिस्टर काम काय करतात हे मास्तरीणबाईला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तिने तो विषय गाडीत एकदाही निघू दिला नव्हता. आरसा बघा, इंडिकेटर द्या, एवढंच बोलणं.

एका सकाळी बाजारामागच्या रस्त्यावर गाडी आचका देऊन पुन्हा बंद पडली.

“क्लच लवकर सोडलात,” मास्तरीणबाई म्हणाली.

सिस्टरांनी हँडब्रेक ओढला, किल्ली फिरवली आणि हात मांडीवर ठेवले. “मास्तरीणबाई, गाडीतलं मला काही कळत नाही, पण डोळे शाबूत आहेत. क्लच मी हळूच सोडला होता. जरा तुमच्या पायाकडे बघा.”

तिने पाहिलं. तिचा उजवा पाय ब्रेकवर होता. नुसता टेकलेला नाही, पार खालपर्यंत दाबलेला. चपलेतली बोटं पांढरी पडली होती.

“आजचंच नाही हे,” सिस्टर म्हणाल्या. “सायकल दिसली की ब्रेक, वळण आलं की ब्रेक. इतके दिवस मला वाटत होतं, माझंच चुकतंय. घरी जाऊन रडले एकदा.”

मास्तरीणबाईचं तोंड खर्रकन उतरलं. ज्या मास्तरांना ती नावं ठेवायची त्यांच्याच रांगेत ती जाऊन बसली होती, आणि तिला पत्ताही नव्हता.

“कसली भीती वाटते?” सिस्टरांनी विचारलं.

“मला? छे! मला कसली भीती?”

“मग पायाला वाटत असेल. त्याला विचारा.”

ती आधी हसली आणि मग रडली. किंकाळी, बाक, दप्तर, लिफ्टमधल्या बायका, सगळं बाहेर आलं. “लोकांना दिवसभर सांगते, घाबरू नका. आणि स्वतः बघा कशी! लोकां सांगे ब्रह्मज्ञान...”

“आपण कोरडे पाषाण,” सिस्टरांनी म्हण पुरी करून टाकली. “पण मी नाही हो तुम्हाला घाबरू नका म्हणणार. मला कुणी तसं म्हटलं की मी दुप्पट घाबरते. आमच्या इस्पितळाच्या फाटकाशी चढ आहे ना, तो माझ्या स्वप्नात येतो. वॉचमन ‘थांबा’ म्हणतो, मी थांबते, आणि गाडी जी मागं जायला लागते ती थेट पाण्याच्या टाकीपर्यंत.” त्यांनी पदर खोचला. “असं करू. तुम्ही मला तो चढ चढायला शिकवा. मी तुम्हाला आमची खोली दाखवते.”

खोली त्यांनी दाखवली ती भर दुपारी, काम नसताना. मास्तरीणबाईने मनात तिची गुहा करून ठेवली होती. प्रत्यक्षात ती तिच्या शिकवणीच्या ऑफिसपेक्षा थोडीशीच मोठी निघाली. फिनेलचा वास, एक पलंग, बाळाचा तराजू, भिंतीवर पुढे पळणारं घड्याळ. घड्याळ बघून तिला बरंच वाटलं, नवऱ्याला आत आल्यावर काहीतरी उद्योग मिळेल. पलंगाची पाठ वर कशी होते, पाय कुठे टेकायचे, ही नळी कशाची, तो दिवा कशाला, असं नवी गाडी घेताना विचारावं तसं तिने सगळं विचारून घेतलं. सिस्टरांनी एकही उत्तर गुळमुळीत दिलं नाही.

“दुखतं किती?”

“खूप दुखतं. पण सलग नाही दुखत. कळ येते, जाते, मध्ये दम खायला मिळतो. सोसवेना झालं तर सांगायचं, त्यावर औषध आहे, ते मागण्यात कमीपणा नाही. आणि कुठे अडलंच तर डॉक्टर आहेत, ऑपरेशनची खोली त्या दारापलीकडे आहे.” सिस्टरांनी तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. “ब्रेक आमच्याकडेही आहे, मास्तरीणबाई.”

तिने आपल्या हातांकडे पाहिलं. मुठी सैल झाल्या होत्या.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने ताईला फोन लावला आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. “तुझ्या वेळी तू केवढ्यानं ओरडली होतीस गं!”

ताईला क्षणभर काही आठवेना. मग ती हसतच सुटली. “ती होय! अगं, ते ह्यांच्यावर ओरडले होते मी! मला आत पाण्याशिवाय काही देत नव्हते आणि हे दाराशी डबा उघडून बसलेले. दार हललं की वास आत!”

“म्हणजे दुखलं नाही?”

“दुखलं की! चांगलं रडले, कण्हले, नर्सच्या हाताला चिमटे काढले. पण तू जी ऐकलीस ना, ती डब्याची होती.”

तिने फोन ठेवला. एवढी वर्षं आपण एका डब्याला घाबरत होतो, हे नवऱ्याला कसं सांगायचं ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी तिने गाडी सरळ फाटकाच्या चढावर नेऊन उभी करायला लावली. सिस्टरांचा चेहरा पांढराफटक. पोट सांभाळत तिने चप्पल काढली आणि उजवा पाय डाव्या पायामागे अडकवून ठेवला, सिस्टरांना दिसेल असा.

“हे बघा. चढावर गाडी थोडी मागे येणारच. वीतभर. ती घसरत नसते, पुढे जायच्या आधी पकड घेत असते. त्या वीतभरात घाबरून ब्रेक दाबलात की झालं, पुन्हा पहिल्यापासून. क्लच हळू सोडा, इंजिनाची थरथर पायाला लागली की पाय ब्रेकवरून काढा. मागे येईल. येऊ दे. मग पुढे जाईल.”

गाडी मागे आली. वीतभर आली, मग आणखी थोडी आली. मागच्या पावाच्या गाडीवाल्याने हॉर्न दाबून धरला. मास्तरीणबाईचा पाय सुटायला धडपडत होता; तिने तो दाबून धरला आणि ओठ चावला. “अगं आई गं!” सिस्टर ओरडल्या, आणि तेवढ्यात गाडीने पकड घेतली, चढ चढली आणि वॉचमनच्या नाकासमोरून आत गेली. दोघींनी टाळ्या दिल्या. पुढे सिस्टर परीक्षाही पास झाल्या आणि त्यांनी एक जुनी, डब्यासारखी लाल गाडी घेतली.

मास्तरीणबाईची परीक्षा एका लख्ख सकाळी आली. नवऱ्याने बोलावलेल्या टॅक्सीचा ड्रायव्हर तिचाच जुना विद्यार्थी निघाला. पहिल्या दोन कळा तिने त्याचा गिअर सुधारण्यात घालवल्या. इस्पितळात पोचेपर्यंत तो बिचारा तिच्याहून जास्त घामेजला होता.

सकाळ बरी गेली. कळ यायची, ती पलंगाचा कठडा धरून कण्हायची, कळ जायची, ती पाणी प्यायची. सांगितलं होतं तसंच सगळं चाललं होतं, आणि सांगितलेलं समोर येताना बघून तिला धीर येत होता. नवऱ्याने भिंतीवरचं घड्याळ खरंच खाली काढलं होतं. दुपारी पाळी बदलली आणि सिस्टर आत आल्या. तिला तपासून म्हणाल्या, “आता चढ आला हं.”

चढ खरा होता. कळ आली की जीव खाऊन जोर लावायचा. तिने लावला, पुन्हा लावला. “डोकं दिसलं!” सिस्टर म्हणाल्या. नवरा घड्याळ टाकून धावला. आणि कळ ओसरली तसं तिला स्वतःलाच जाणवलं, पुढे आलेलं ते परत मागे गेलं. पुढच्या कळेलाही तेच. आलं, आणि गेलं.

तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. एवढं करून काहीच हाती लागत नाही, आपल्याकडून हे व्हायचं नाही, असं तिच्या मनाने घेतलं. पुढची कळ आली आणि तिने जोर लावायच्या ऐवजी सगळं अंग आखडून धरलं. दात, मुठी, मांड्या. ती कळ तशीच वाया गेली.

सिस्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं उजव्या पायाकडे. पाय पलंगाच्या पायथ्याच्या कठड्यावर पार ताठ दाबलेला होता, बोटं पांढरी पडलेली. त्यांनी आपला रुंद, गरम तळवा त्या पायावर ठेवला.

“ब्रेकवरचा पाय काढ, पोरी.”

तिने डोळे उघडले.

“मागे जातंय ना? वीतभर जाणारच. पकड घेतंय ते. कुणी शिकवलं हे मला?”

“मीच,” ती कशीबशी म्हणाली.

“मग येऊ दे मागे. आणि पुढची कळ आली की सोड.”

तिने पाय सैल सोडला. खूप भीती वाटली, पण सोडला. पुढची कळ आली तेव्हा तिने कशालाच अडवलं नाही. मोठ्यांदा ओरडली, बाहेरच्या बाकावरच्या माणसांना स्पष्ट ऐकू जाईल एवढ्यानं, आणि त्या ओरडण्याची तिला जराही लाज वाटली नाही. आणखी थोडे चढ गेले. मग सिस्टरांच्या हातात एक ओली, चिडलेली, जांभळट मुलगी होती आणि ती आईहून मोठ्या आवाजात ओरडत होती.

“हॉर्न चांगला आहे,” सिस्टर म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तरीणबाई खिडकीजवळच्या पलंगावर मुलीला छातीशी घेऊन बसली होती. नवरा शेजारी सफरचंद कापत होता. खाली फाटकातून एक लाल गाडी आत येत होती. वॉचमनने हात दाखवला, आणि गाडी नेमकी चढाच्या मध्यावर थांबली. आत सिस्टर एकट्याच. शेजारची सीट रिकामी.

गाडी मागे यायला लागली. वीतभर आली, मग आणखी थोडी. नवऱ्याच्या हातातली सुरी थांबली. “अगं, अगं, त्या सिस्टर!”

गाडीने पकड घेतली आणि चढून आत आली.

नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि बायकोकडे पाहिलं. ती पांघरुणाखालच्या आपल्या पायांकडे बघत होती. दोन्ही पाय होते तिथेच, सैल पडले होते.

“पाहिलंस? दुसरा गिअर टाकायला उशीर केला त्यांनी,” ती मुलीला म्हणाली. “तुला शिकवेन तेव्हा सांगेन.”