मीटरमागे एक अंगठा

सकाळपासून मी एकच तागा चार वेळा उलगडला आणि पाच वेळा गुंडाळला. हिशेब जुळत नाही, मला माहीत आहे, पण त्या दिवशी माझं काहीच जुळत नव्हतं. पायाला भिंगरी लागली होती. दार, गल्ला, आतली खोली, परत दार. शेवटी दादा म्हणाला, "अगं, बस की जरा. पाहुणे चारला येणार आहेत, आणि बघायला तुला नाही येत."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, या कापडदुकानाचा मालक. मी अठ्ठावीस वर्षं त्याच्या दुकानात कापड मोजते. पाहुणे येणार होते ते त्याच्या मुलीला, आमच्या बारकीला बघायला. तिची आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, पुढे मीच तिला वाढवली. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, तरी नाव बारकीच.

स्थळ होतं ठोकशेठच्या मुलाचं. ठोकशेठ हा घाऊक व्यापारी, त्याला सगळा बाजार याच नावाने ओळखतो. मुलगा कसा आहे, काय करतो, हे दादाने विचारलंसुद्धा नव्हतं. ठरलं होतं ते एवढंच, की लग्न लागलं की ठोकशेठचा माल या बाजारात फक्त आमच्या दुकानात मिळणार. "मुलगी देतोयस की एजन्सी घेतोयस?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "एका दगडात दोन पक्षी मारले तर तुझं काय गेलं?" पक्ष्यांना कोणी विचारायचं, ते मात्र बोलला नाही.

बारकीचा जीव जडला होता रस्त्यापलीकडच्या टेलरवर. ते कसं जुळलं हे सांगायचं तर आधी आमच्या दुकानातली चोरी सांगावी लागेल. लोखंडी मीटरवर कापड धरायचं, टोकाला अंगठ्याने दाबायचं, आणि पुढचा मीटर अंगठ्याच्या पुढून सुरू करण्याऐवजी मागून सुरू करायचा. म्हणजे अंगठ्याखालचं कापड दोनदा मोजलं जातं. गिऱ्हाईक मीटरकडे बघत राहतं, अंगठ्याकडे कोणी बघत नाही. दादाने मला हे शिकवलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते. आज अंगठा न दाबता मोज म्हटलं तर माझा हात अडखळतो.

हे कमी पडलेलं कापड शेवटी शिंप्याच्या बोकांडी बसतं. गिऱ्हाईक त्यालाच म्हणणार, पुरतं आणून दिलं होतं, तूच खाल्लंस. हा टेलर नवा आला, तेव्हा महिन्याभरात दुकानात येऊन मला म्हणाला, "आत्या, तुमचं कापड धुवायच्या आधीच आटतं हो." भांडला नाही, हसून म्हणाला. मीही हसले. माझ्यामागे उभी असलेली बारकी हसली नाही.

त्यानंतर त्याच्याकडे जाणारं काही कापड पुरं जायला लागलं. कधी सोमवारी, कधी गुरुवारी. टेलर पडला विचारात. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की बारकी मोजायला उभी असते त्याच दिवशी हे घडतं. पोरंपोरी एकमेकांना चिठ्ठ्या पाठवतात, हिने त्याला तीन वर्षं पुरं कापड पाठवलं. गेल्या महिन्यात तिने मला हे सांगितलं, तेव्हा मी तिला जवळ घेतलं आणि मग कितीतरी वेळ स्वतःचा अंगठा बघत बसले. फार लाज वाटली.

दादाला प्रेमाचं कळलं, कापडाचं कळलं नाही. त्याने बारकीला समोर उभं करून शांतपणे सांगितलं, "त्याची खोली आपल्या मालकीची आहे. या स्थळाला नाही म्हणालीस तर महिन्याभरात त्याचं मशीन आणि त्याची म्हातारी आई, दोन्ही रस्त्यावर." बारकी म्हणाली, "मी नाही म्हणणार नाही." तेव्हापासून ती दुकानात उभी असायची, पण समोर बघायची नाही. पलीकडचं मशीन चालता चालता थांबलं की हिचेही हात थांबायचे. ते पुन्हा सुरू होईपर्यंत मला श्वास घेता यायचा नाही.

सरळ दादाला अडवायला हवं होतं, पण तेवढा धीर माझ्यात नव्हता. माझ्या वेळीही कुठे होता? एक चष्मेवाला होता. दर आठवड्याला यायचा आणि काचा पुसायला अर्धा मीटर फलालीन घेऊन जायचा. आठवड्याला अर्धा मीटर फलालीन लागायला काय गावभर काचा पुसत होता? सगळ्यांना कळत होतं. त्याने रीतसर विचारलं तेव्हा दादा मला म्हणाला, "दुकान नवं आहे, माणूस नाही. एक वर्ष थांब." मी थांबले. वर्षानंतर त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. चष्मेवाला तीन वर्षं फलालीन नेत राहिला आणि मग दुसऱ्या गावी निघून गेला. एवढीच माझी गोष्ट.

तर धीर नव्हता, म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, पाहुण्यांसमोर कापड मोजायची वेळ येणारच. ठोकशेठ कापडातला मुरलेला माणूस. त्याच्या डोळ्यांदेखत ढळढळीत अंगठा दाबायचा. आपल्यालाच लुबाडणाऱ्या घरची मुलगी कोण करेल? स्थळ मोडेल, आणि बारकीने नाही म्हटलं असंही होणार नाही.

चारच्या आधीच पाहुणे आले. मुलगा मोबाइलमध्ये मान घालून बसला. ठोकशेठने मुलीआधी तागे बघितले. प्रत्येक कापडाचा कोपरा दोन बोटांत चुरगळून बघत तो सगळ्या फळ्या फिरला, मग खुर्चीत बसून म्हणाला, "ते करडं कोटाचं कापड चांगलं आहे. सहा मीटर द्या."

"आत्या, सहा मीटर," दादा म्हणाला. "पुरं दे हं." आणि माझ्याकडे डोळे वटारून बघितलं.

मी मीटर उचलला आणि अंगठा असा दाबला, की आंधळ्यालाही दिसावा. प्रत्येक मीटरला दाबला. कापून घडी ठोकशेठच्या हातात दिली. त्याने माझ्या हातातला मीटर घेतला आणि स्वतः कापड मोजलं.

"पाच बोटं कमी," तो म्हणाला.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, सुटलो. आणि ठोकशेठ हसायला लागला. पोट धरून हसला, डोळे पुसले. "आमच्याकडे पोरं कापड ताणून मोजतात," तो म्हणाला, "पण हा अंगठा म्हणजे वा! तुम्ही मला उगीच साधे वाटला होता. आता खरी सोयरीक जमली."

चोर चोर मावसभाऊ. दादाही हसला, आधी भीतभीत, मग मोकळा. मी तिथेच उभी होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

"मुलीला येतं का हे?" ठोकशेठने विचारलं. "लग्नानंतर तिला आमच्या दुकानात उभं राहायचं आहे."

"येतं म्हणजे? आत्याच्याच हाताखाली तयार झाली आहे. बारके, मोज बरं सहा मीटर."

बारकी पुढे आली. तिने तोच तागा घेतला. एक मीटर झाला की खडूची रेघ, पुढचा मीटर रेघेपासून. घाई नाही, अंगठा नाही. ठोकशेठने तिचंही कापड मोजलं. सहा म्हणजे सहा.

"आज पाहुण्यांचा मान ठेवलास वाटतं," तो म्हणाला.

"नाही, मी रोज असंच मोजते."

"रोज? कधीपासून?"

"तीन वर्षं झाली. कमी दिलं तर शिंप्याला शिव्या बसतात."

दादाच्या हातातला चहाचा कप तोंडापर्यंत जाता जाता मध्येच राहिला.

"आमच्याकडे शिकशील हळूहळू," ठोकशेठ म्हणाला, पण आवाजातला गोडवा आटला होता.

"शिकून बघितलं होतं," बारकी म्हणाली. "हात वळत नाही माझा."

ती हे मुद्दाम म्हणाली नव्हती. मी कारस्थान रचलं होतं, तिने नुसतं खरं सांगितलं. ठोकशेठने कापड बाजूला ठेवलं आणि कसर लागलेल्या ताग्याकडे बघावं तसं दादाकडे बघितलं. "आम्ही कळवतो," तो म्हणाला. मुलाने पहिल्यांदाच मान वर केली आणि विचारलं, "झालं?"

ते गेल्यावर दादा दुकानभर फिरायला लागला. माझी भिंगरी आता त्याच्या पायात गेली होती. "तीन वर्षं!" म्हणायचा आणि बोटं मोजायचा, परत "तीन वर्षं!" मग बारकीसमोर येऊन थांबला.

"त्या टेलरचं नाव या घरात काढायचं नाही. उभी राहा इथेच, मुकाट्याने. एक वर्ष थांब, मी दुसरं स्थळ बघतो."

एक वर्ष थांब. तोच आवाज, तेच शब्द, उभं राहायची जागासुद्धा तीच. बारकीने मान खाली घातली आणि मला त्या जागी मीच दिसले. राग कशाला म्हणतात, हे मला पन्नाशीत कळलं.

"दादा, उद्यापासून मी येणार नाही," मी म्हणाले.

"आता तुझं काय मध्येच? कुठे जाणार आहेस?"

"समोर. टेलरला काजं-बटणं करायला माणूस हवंय. आणि पहिल्या दिवशी काय करणार तेही ऐक. दारात खुर्ची टाकून बसेन, आणि तुझ्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं कापड फुकटात पुन्हा मोजून देईन."

दादाने दाराबाहेर बघितलं. रस्त्यापलीकडे मशीन चालू होतं.

"तू असं करणार नाहीस," तो म्हणाला.

"अठ्ठावीस वर्षं तू सांगशील ते केलं. मी काय करणार नाही, हे तुला कुठून ठाऊक?"

तो स्टुलावर बसला. दादाला राग लवकर येतो, पण फायदा-तोटा त्याहून लवकर कळतो. "काय पाहिजे तुला?"

"बारकीला जाऊ दे. लग्न लावून दे म्हणत नाही, तू नुसता आडवा येऊ नकोस. आणि टेलरची खोली आहे तशी राहील."

"दोघी गेल्यावर दुकानात कोण उभं राहणार?"

"मी राहीन."

"किती दिवस?" लगेच विचारलं त्याने. बहिणीला विचारतोय असं वाटलंच नाही, माल किती दिवसांच्या बोलीवर येतोय ते विचारत होता.

"एक वर्ष," मी म्हणाले.

त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. आमच्या घरातलं एक वर्ष केवढं असतं, ते त्याला माझ्याहून चांगलं माहीत होतं. "जा," तो बारकीला म्हणाला, तिच्याकडे न बघता.

बारकी हलली नाही. "आत्या, आणि तू?"

"तू जा आधी. तो विचार बदलायच्या आत जा."

ती रस्ता ओलांडून गेली. मशीन थांबलं. बराच वेळ थांबलेलंच राहिलं, आणि मी पहिल्यांदा त्या शांततेत नीट श्वास घेतला.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, शर्टाचं तीन मीटर कापड मागायला. मी मीटर उचलला. अंगठा आपसूक मागे सरकला, तो मी उचलला आणि बारकीसारखी खडूची रेघ ओढली. हात अडखळला, दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. गिऱ्हाईक कंटाळून म्हणालं, "बाई, दमलेल्या दिसता." मी म्हटलं, हो.

ते गेल्यावर मी खडू घेतला आणि फळीच्या आतल्या बाजूला, जिथे दादा कधी बघत नाही, तिथे आजची तारीख लिहिली. माझं वर्ष बारा महिन्यांचं असणार होतं.