मी टॉर्च, चुडीच्या वंशातला

मी टॉर्च बोलतोय. तीन सेलांचा, पत्र्याच्या अंगाचा, देवबागच्या अब्दुलच्या घरातला. ऐकायचं तर ऐका, नाहीतर मोबाइल बघत बसा.

अब्दुलच्या बापाने मला मालवणच्या बाजारातून आणलं. तेव्हा माझा रुबाब होता. लग्नाला, मयताला शेजारी मला मागून न्यायचे. घरात तेव्हा चूडही असायची, म्हणजे सुकी झावळं पिळून केलेली पेटवायची जुडी. तिला मी जवळ केलं नाही. ती गावठी, धुरकट. मी साहेबाच्या नावाचा.

आता या घरात पाहुणे उतरतात. परवा पुण्याच्या नम्रताबाई आल्या, शब्दांची मुळं उकरणाऱ्या. चहा पिता पिता मला हातात घेऊन म्हणाल्या, "टॉर्च हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून उचलला. त्याच्या खाली लॅटिन आहे, अर्थ पिळणे. पूर्वी तिकडे धागे पिळून, मेणात बुडवून पेटवायचे."

अब्दुलची बायको खतिजा अंगणात बांगडे सुकत घालत होती. म्हणाली, "म्हणजे आमची चूडच मा ती. साहेबान वेगळा काय केल्यान?"

झालं. खानदान उघडं पडलं.

वर खतिजाने माझे मेलेले सेल उन्हात ठेवले. उन्हाने सेलात जीव येतो असं इथे सगळे धरून चालतात. ठेवले कुठे, तर खाऱ्या बांगड्यांच्या मधोमध. मीठ लागून टोकं हिरवी पडली.

दिवेलागणीला लाईट गेली. अब्दुल होडीत होता. खाडीच्या तोंडाशी वाळू सारखी सरकते. काठावर उजेड दिसेल तिथूनच होडी आत घालायची, नाहीतर लाट पालथी करते. खतिजाने माझं बटण दाबलं, मग मला मांडीवर आपटलं. मी काय करू, पोटात खारे सेल. नम्रताबाईंच्या मोबाइलचा उजेड काजव्याएवढा.

"गो बुशरा," खतिजाने सुनेला हाक मारली, "झावळां आण बेगीन. नम्रताबाय, बगत काय रवल्यात? पिळा."

बाईंनी हाताची सालटं काढून पीळ घातला. खतिजा पेटती चूड घेऊन वाळूवर धावली, साडीवर ठिणग्या पडत होत्या तरी हलवत राहिली. पाण्यातून अब्दुलची शिटी आली तेव्हाच तिचा हात खाली आला.

होडी लागली. "बॅटरी खंय गो?" अब्दुलने विचारलं.

"ती पुण्याच्या बायकडे इंग्लिश शिकता. तुमी आधी कपडे बदला," खतिजा म्हणाली, आणि आत जाऊन रडली.

आता पडवीत माझ्या शेजारी पिळलेल्या चुडी तयार असतात. मला नवे सेल कोणी आणलेले नाहीत. एकेक चूड काठावर जाते, तिथेच जळून संपते, आणि अब्दुल घरी येतो. मी गंजत टिकून आहे. मला भंगारात द्याल तेव्हा नाव तेवढं काढून घ्या. ते तिचं आहे.