डोक्यावरचा टॉवेल

त्या सकाळी रामकिसन कंट्रोलरांनी स्वतःला राज्यातल्या समद्या एसटी गाड्यांचं मालक जाहीर करून टाकलं.

"स्टँडवर लाल गाडी उभी हाय, दिसली का सिस्टर? ती माझी. परतूरची माझी. जिंतूरची बी माझी. लोणारची तेवढी मेव्हण्याला देऊन टाकली. त्याचं मन मोडवत न्हाई."

"असं तुम्हाला कधीपासून वाटतं?" द्वारकानं विचारलं.

"वाटत न्हाई. हाय."

दोन हजार तीनचा जानेवारी. ओसरीवर ऊन नुकतंच आलेलं. रामकिसन अण्णा बाजेवर मांडी घालून, डोक्याला निळ्या काठाचा टॉवेल गुंडाळून बसले होते, आणि समोर खुर्चीवर त्यांची एकोणतीस वर्षांची लेक द्वारका वही घेऊन गंभीर चेहऱ्यानं बसली होती. रस्त्यानं जाणारा एखादा थबकून बघायचा. मग कंट्रोलरच्या घरी हे असंच चालतं हे आठवून पुढे जायचा.

कंट्रोलर म्हणजे मंठ्याच्या बसस्टँडवर गाड्या लावून घेणारा आणि पुकारणारा माणूस. तरुणपणी अण्णांनी आपल्या गावच्या, पिंपळगाव रेणुकाईच्या, जत्रेतल्या नाटकांत राजापासून राजाच्या मावशीपर्यंत सगळी कामं केली होती. नोकरी लागली आणि नाटक सुटलं. आवाज तेवढा राहिला. स्टँडवरचा कर्णा बंद पडला तर दोन-दोन दिवस कोणाला पत्ता लागत नसे.

द्वारका सहा वर्षं जालन्याला दवाखान्यात नर्स होती. मग तिनं रजा टाकली आणि मानसिक आरोग्य हा विषय घेऊन एम.एस्सी. नर्सिंगला पुण्याला गेली. गावानं "ती येड्यांचं शिकून राह्यली" असा निकाल दिला. अण्णांना मात्र कोण आनंद झाला. स्टँडवर कुणी कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून प्रवाशाच्या अंगावर धावला की ते कर्ण्यावरूनच सांगायचे, "पुंजाराम, डोकं थंड ठेव, न्हाईतर माझी पोरगी सुट्टीला आली हाय!"

अभ्यास अवघड होता, पण पुस्तकांचं द्वारकाला भय नव्हतं. भय होतं ते गप्प बसण्याचं. पेशंटशी झालेलं बोलणं शब्दन् शब्द वहीत उतरवायचं असे: तीन उभे रकाने, पहिल्यात पेशंट काय म्हणाला, दुसऱ्यात सिस्टर काय म्हणाली, तिसऱ्यात त्यावरून काय समजलं. द्वारकाचा दुसरा रकाना कायम भरून वाहायचा. शिकवणाऱ्या बाई एकदा वही मिटत म्हणाल्या होत्या, "पेशंट कोण आणि सिस्टर कोण, हे मला वरचं नाव वाचून कळलं." शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा तीन आठवड्यांवर होती. बाहेरचे परीक्षक, अनोळखी पेशंट, अर्धा तास बोलणं. म्हणून सरावाला अण्णा.

नियम अण्णांनीच घातला होता. टॉवेल डोक्यावर असेल तोवर पेशंट, खाली आला की बाप. दोन वर्षांच्या सुट्ट्यांत त्या टॉवेलाखाली नाना तऱ्हेचे लोक येऊन गेले. शेजारचे तातेराव टीव्हीच्या अँटिनातून आपले विचार चोरतात अशी खात्री असलेला एक. प्रत्येक प्रश्नाला नुसता सुस्कारा टाकणारा एक. त्याचे सुस्कारे ऐकून खरे तातेराव पाण्याचा तांब्या घेऊन धावत आले होते. आणि आज हा गाड्यांचा मालक.

"एवढ्या गाड्या म्हणजे तुम्ही आनंदात असाल," द्वारका म्हणाली.

"हे तू इचारलं का सांगितलं?"

द्वारका गडबडली. "विचारलं."

"बिलकुल न्हाई. सांगितलं. दोन गुण कट." अण्णा आतल्या दिशेनं ओरडले, "ऐकलं का झुंबरबाई, पोरगी पुन्हा पेशंटच्या तोंडात शब्द घालून राह्यली!"

"तुमच्या तोंडात जागा कुठंय?" माय चुलीपासून म्हणाली.

द्वारका हसू दाबत वहीवर वाकली. तिसरा रकाना राहिला होता, तो भरू लागली. अण्णांनी टॉवेल काढला. तोंड पुसलं, मान पुसली.

"द्वारके, छाती जराशी जड वाटून राह्यली."

"अण्णा, टॉवेल डोक्यावर," ती मान वर न करता म्हणाली. "टॉवेलाशिवाय बोललेलं वहीत धरत नाही मी."

अण्णा हसले. टॉवेल पुन्हा गुंडाळला, पदर घेतल्यासारखा नीट केला. "बराबर हाय. तर सिस्टर, मालकाची छाती जड हाय. एवढ्या गाड्यांचा बोजा, सांगू कोणाला?"

त्या 'सांगू कोणाला'वर त्यांनी जत्रेच्या नाटकातला हात असा काही फिरवला की द्वारकाच्या हातून पेन पडलं. तिनं ते उचललं आणि लिहिलं: 'मोठेपणाचा भ्रम. शारीरिक तक्रारही त्याच भ्रमाला जोडलेली.' आणि कंसात, स्वतःसाठी: 'काम झकास.'

मग अण्णांनी भाकरी खाल्ली, गणवेश चढवला, टॉवेल खुंटीला अडकवला आणि निघताना सांगितलं, "उद्या बायको पळून गेलेला आणतो. रडका हाय, रुमाल घेऊन बस."

बारा वीसची गाडी लागली होती. अण्णांनी माइक हातात घेतला, "मंठा-जिंतूर" एवढं म्हणाले, आणि 'जाणारी' राहून गेलं. लोक शांतपणे वाट बघत बसले. ठसका लागला असेल असंच सगळ्यांना वाटलं, कारण रामकिसन कंट्रोलर वाक्य अर्धं टाकील ही गोष्ट मंठ्यात कोणाच्या कल्पनेतली नव्हती. शेवटी मच्छिंद्र कंडक्टर खोलीत डोकावला.

पुढचे तेरा दिवस ओसरीवर माणसं मावली नाहीत. प्रत्येकजण एकच गोष्ट सांगायचा.

"सकाळी माझ्यासंग हसून बोलला," मच्छिंद्र म्हणायचा. "दुखतंय, खुपतंय, एक शब्द न्हाई."

"कोणालाच काही बोलला न्हाई," तातेराव मान हलवायचे. "बोलला असता तर गाडी काय, अख्खा डेपो उभा केला असता आपण. जालना लांब हाय का?"

माय मान डोलवायची. आणि दर वेळी, 'कोणालाच काही बोलला न्हाई' इथे गोष्ट आली की, द्वारका उठून आत जायची आणि शेजारच्या साळूबाईनं पाठवलेला चहा पुन्हा गरम करायला ठेवायची. तिसऱ्यांदा उकळलेला चहा पिऊन तातेराव एकदा म्हणाले, "द्वारके, हा चहा हाय का काढा?" सुतकाच्या घरात लोक तोंडाला पदर लावून हसले. द्वारकाही हसली. तेव्हा कोणाला वेगळं काही दिसलं नाही.

तेरावा झाला, माणसं पांगली. परीक्षेला सहा दिवस उरले होते आणि द्वारकाची बॅग माळ्यावरून खाली आली नव्हती.

"कवा निघायचं?" मायनं विचारलं. ती ओसरीवर मेथी निवडत बसली होती.

"पुढच्या खेपेला देईन म्हणते."

"म्हंजे कवा?"

"सहा महिन्यांनी. तयारी नाही झाली."

माय तिच्याकडे बघत राहिली. द्वारका वहीकडे. तयारी झाली होती, अडचण वेगळीच होती. पहिल्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर लिहून दिलेला एक धडा होता: मनाकडे जाण्याआधी शरीर बघा. पेशंट कितीही विचित्र बोलत असो, छाती म्हणाला तर आधी नाडी धरा, घाम बघा, मग भ्रम. द्वारकानं तो धडा खालच्या वर्गातल्या पोरींना दोनदा शिकवला होता. आता एका अनोळखी पेशंटसमोर ती खुर्ची घेऊन बसणार होती, आणि तो काहीबाही सांगणार होता, आणि ते तिला ऐकू येईल याची तिला खात्री नव्हती. हे ती कोणाला सांगणार?

झुंबरबाईनं मेथीची जुडी खाली ठेवली. उठली, खुंटीवरचा निळ्या काठाचा टॉवेल काढला. तो मधल्या काळात धुतला गेला होता, घडी घालून पुन्हा तिथंच गेला होता. पदरावरूनच तिनं तो डोक्याला बांधला आणि बाजेवर येऊन बसली.

"घे. मी पेशंट."

"माय, असू दे ना."

"तुझ्या बापानं सांगितल्तं, उद्या रडका आणतो म्हणून. मी रडकी न्हाई, पण चालवून घे. जल्दी कर, भाजी ऱ्हायली माझी."

द्वारकानं नाइलाजानं वही उघडली. पुण्याचं मराठी काढलं.

"तुमचं नाव काय?"

"तुला न्हाई माहीत?"

"पेशंट असं बोलत नसतो."

"बरं. झुंबरबाई."

"शंभरातून सात वजा करा, मग त्यातून पुन्हा सात, असं करत जा."

"कशाला? कोणी मागितले?"

"माय!"

"अगं, कारण नको का कळायला?"

"कानात कोणाचे आवाज येतात का?"

"येतात की. साळूबाईचा. भितीपल्याडून, दिसभर."

भिंतीपलीकडून साळूबाईचा आवाज आला, "मी ऐकून राह्यले बरं का, झुंबर!"

"बघ," माय समाधानानं म्हणाली.

द्वारकाच्या ओठाचा एक कोपरा हलला. "दुसऱ्यांना दिसत नाही असं काही तुम्हाला दिसतं?"

"दिसतं. तुझी भरलेली बॅग."

द्वारका पेनाला टोपण लावू लागली. मायनं सुस्कारा टाकला. तो मात्र अण्णांच्या पेशंटांइतकाच उत्तम होता. तिनं डोक्यावरचा टॉवेल सोडला.

"मला न्हाई जमत हे. त्यांचं कामच निराळं होतं. तू घे." आणि द्वारका काही म्हणायच्या आत तिनं तो टॉवेल लेकीच्या डोक्याला गुंडाळला, लहानपणी न्हाऊ घातल्यावर गुंडाळायची तसा, कान झाकून. "आता तू पेशंट. मी सिस्टर."

"तुला काय येतं त्यातलं?"

"दोन वर्षं तेच तेच इचारून राह्यली तू. मी आत काय कापूस घालून बसल्ते का कानात? समदे सवाल पाठ हायेत." झुंबरबाईनं वही घेतली, उलटी, आणि मांडीवर ठेवली. मग आवाज बारीक करून, थेट द्वारकाच्याच चालीवर, पुण्याच्या मराठीत विचारलं, "मनात काय चाललंय, सांगा."

"काही नाही."

मायनं मांडीवरची उलटी वही नीट केली.

"खरंच काही नाही."

मायनं मेथीची जुडी पुन्हा ओढली आणि पानं खुडायला लागली. उलट्या वहीवर पानं पडू लागली. बाई वर्गात सांगत, सिस्टरनं गप्प राहायचं ते पेशंटसाठी जागा करून द्यायला. जमत नसेल तर मनात वीसपर्यंत मोजा. द्वारका बाराच्या पुढे कधी गेली नव्हती. माय मोजत नव्हती. एक काडी, दुसरी काडी. घाई नाही, टक लावणं नाही, उठून जाणंही नाही. साळूबाईसुद्धा कधी नव्हे ती गप्प होती. ऊन बाजेच्या पायाशी आलं. अर्धी जुडी संपली.

स्टँडकडून कर्णा खरखरला. नवा कंट्रोलर भुजंग नावाचा होता, आवाजानं किडकिडीत.

"मंठा-जिंतूर जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे."

सगळं वाक्य. शेवटपर्यंत.

मायचा हात थांबला नाही. पण तिनं मान वर केली आणि लेकीकडे बघत राहिली, आणि बोटं आपली पानं खुडत राहिली.

द्वारकानं हात वर नेला. डोक्यावरचा टॉवेल काढला आणि दोन्ही हातांत धरला.

"माय," ती म्हणाली, आणि पुण्याचं मराठी कुठल्या कुठे गेलं. "अण्णा बोलल्ते. मला बोलल्ते. त्या दिवशी, हितंच. टॉवेल काढल्ता त्यांनी, आन् छाती जड वाटून राह्यली म्हणून मला सांगितल्तं. मीच त्यांना टॉवेल परत डोक्यावर ठेवायला लावला."