अर्धा डेसिबल

नॉबवरची पांढरी रेघ झिजून गेली होती, कुठे शून्य आणि कुठे दहा ते आता फक्त नीलिमाच्या बोटांना ठाऊक — आणि असू दे तसंच, तिला वाटलं, ऐऱ्यागैऱ्याला ते कळायचं कारणही नाही. जुना सिंथेसायझर तापायला वीस मिनिटं घेतो. तोवर सूर इकडेतिकडे सरकत राहतात, मग जागेवर येतात, पण पुरते बसत नाहीत, किंचित हलतातच. आणि ते हलणंच तिला हवं असतं. प्रतापला नको असतं. आज एक आणि उद्या दुसराच आवाज देणारं यंत्र घेऊन माणसाने काम कसं करायचं, असं तो गेल्या महिन्यात भर मीटिंगमध्ये म्हणाला होता, सगळं जर्मनमध्ये, फक्त 'नीलिमाताई' तेवढं मराठीत ठेवून. सगळे हसले होते. तीही हसली होती, न हसून सांगते कुणाला!

विजेवरच्या गाडीला स्वतःचा आवाज नसतो, तो इथे जर्मनीत, इंगोलश्टाटच्या गाड्यांच्या कंपनीतल्या या खोलीत घडवायचा. गाडी सुरू करताना वाजायची तीन सेकंदांची सुरावट, बस, एवढंच काम. एक तिने या जुन्या वाद्यावर केलेली, दुसरी प्रतापने लॅपटॉपमधल्या सिंथवर, जो हजार वेळा वाजवला तरी हजारदा तोच वाजतो. अकरा वाजता दोन्ही ऐकवायच्या आणि मतं घ्यायची. फ्राउ हुबर, त्यांच्या विभागप्रमुख, आडपडदा न ठेवता बोलल्या होत्या की ऑक्टोबरपासून आवाज घडवायला एकच माणूस राहील, आणि ज्याची सुरावट निवडली जाईल तोच राहील. दुसऱ्याने गाड्यांची करकर शोधणाऱ्यांच्या विभागात जायचं. बारा वर्षं सूर लावले, आणि आता दाराच्या रबराला कान लावून बसायचं? ह्या पोरापायी?

आणि याला आणला कुणी? मीच ना! कार्ल्सरूहेला मास्टर्स करत होता, प्रबंधाला विषय मिळेना म्हणून रडत होता — तिने इथे बोलावून घेतला, घर मिळेपर्यंत आपल्या सोफ्यावर झोपवला, पहिले सहा महिने शेजारी बसवून ऐकायला शिकवलं. आवाज सुरू कसा होतो ते गाढवालाही कळतं रे, संपतो कसा ते ऐक... डोळे मीट. तो शहाण्या मुलासारखा डोळे मिटायचा. तेव्हा कौतुक वाटायचं. आता वाटतं, तेव्हाच हा आपली जागा मापत असणार, गुळाचा गणपती दिसणारी माणसंच आतून पक्की असतात.

"ताई, लेव्हल तुम्ही जुळवताय ना?" प्रताप दारातूनच म्हणाला. हातात दोन कप कॉफी. एक त्याने तिच्या टेबलावर ठेवला.

"का? बघायच्यात तुला?"

"छे, तुम्ही बघितल्यात म्हणजे झालं. मी कशाला परत बघू?"

तो गेला. साखरपेरणी नुसती! तिने कॉफी लांब सरकवली आणि दोन्ही फायली उघडल्या. मीटरवर दोघांचे आकडे एकसारखे आणायचे — हेही तिनेच त्याला पहिल्या आठवड्यात शिकवलेलं, दोन आवाज तोलायचे तर आधी पातळी सारखी करावी, कारण जरासा मोठा आवाज कुणालाच मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. या धंद्यात ही फसवणूक सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तर ती कुणी करत नाही. तिने आकडे जुळवले. मग आपल्या फायलीला अर्धा डेसिबल दिला. एवढासा... त्याने मीटिंगमध्ये सगळ्यांना हसवलं ते किती डेसिबलचं होतं? तिने फाइल बंद केली.

अकरा वाजता सात जण बसले. करणाऱ्यांनीही मत द्यायचं ही इथली रीत, आणि कुठला आवाज कुणाचा ते कुणी सांगायचं नाही. पहिला, दुसरा, परत पहिला. नीलिमाने डोळे मिटले. आपला ती झोपेतही ओळखेल, तिने त्यालाच मत दिलं आणि प्रतापकडे बघितलंसुद्धा नाही.

"आल्झो, तर मग," फ्राउ हुबर आकडे वाचत म्हणाल्या, "पहिला चार, दुसरा तीन. पहिला कुणाचा?"

पहिला तिचा होता.

खोली रिकामी झाल्यावर प्रताप तिच्यापाशी आला. डोळे लाल होते, पण हसत होता. "ताई, खोटं नाही सांगत, मीपण तुमच्यालाच दिलं. म्हटलं होतं आपल्यालाच द्यायचं, पण ऐकल्यावर हात होईना. तुमचा काय तरी जिवंत वाटला हो."

"बरं," ती म्हणाली.

म्हणजे चौथं मत त्याचं. मग माझा खरंच चांगला होता? की त्यालाही अर्ध्या डेसिबलनेच खाल्लं? सगळे जेवायला गेल्यावर तिने दोन्ही फायली परत उघडल्या, अर्धा डेसिबल काढून टाकला आणि ऐकलं — आपलाच चांगला. परत ऐकलं. आपलाच. पण कुठला आपला हे ठाऊक असलं की कान हवं तेच सांगतो, आपल्या पोराला कोण कुरूप म्हणतं! डोळे मिटून भराभर बटणं दाबून पाहिली, तरी बोटं मोजत राहिली, पहिला, दुसरा, पहिला... बटण दुसऱ्याच कुणी दाबायला हवं. काचेपलीकडे प्रताप लॅपटॉपची वायर गुंडाळत होता. हाक मारली असती तर तो आला असता, दाबलं असतं त्याने, आणि मग विचारलं असतं, ताई, आता कशाला? बारा वर्षांत तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आपला आवाज खरंच चांगला आहे का, आणि ती आता तिला कोणीच सांगू शकणार नव्हतं. याचा राग यावा तर स्वतःचा यायला हवा होता. आला त्याचाच, पहिल्यापेक्षा जास्त, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्यावर एवढा विश्वास टाकायला सांगितलं कुणी तुला? मीटर समोर होता, फाइल समोर होती... एकदा बघायचं होतंस रे, एकदा तरी बघायचं होतंस.