टोसची मशीन

मी एक जुना टोस्टर आहे. अंग स्टीलचं, डोक्यावर दोन खाचा, एका बाजूला काळी दांडी आणि तिच्याखाली एक ते सहा आकड्यांचं गोल बटण. वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत, एका स्वयंपाकघरातल्या ओट्यावर माझा मुक्काम आहे. मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करतो. मला धीर धरता येत नाही. माझ्या पोटात स्प्रिंगा आहेत, आणि पोटात स्प्रिंगा असणाऱ्याला स्वस्थ बसणं कसं जमावं? दांडी खाली गेली रे गेली की मला वर उसळायचे वेध लागतात. अशा मला पंधरा वर्षं कपाटावर बसवून ठेवलं होतं. तेही माझा काही दोष नसताना.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एका सरकत्या पट्ट्यावर आम्ही भावंडं ओळीनं चाललो होतो आणि कुणीतरी प्रत्येकाची दांडी एकदा खाली-वर करून बघत होतं, एवढंच आठवतं. मग थर्माकोल, खोका, अंधार आणि नागपूरच्या एका दुकानाची काच. ब्याण्णवच्या मे महिन्यात कोकिळा नावाच्या मुलीच्या लग्नात तिच्या मामानं मला आहेरात दिलं. त्या आहेरात भिंतीवरची घड्याळं पाच होती, सरबताच्या ग्लासांचे संच तीन होते आणि टोस्टर मी एकटाच. मला तेव्हाच जरा चढली होती.

कोकिळाचे यजमान अंकुशराव वर्ध्यात नोकरीला. शेती केळझरकडे, घर इथं बोरगावात. घरात सासूबाई, म्हणजे शकुबाई. पहिले दोन-तीन महिने माझी नुसती चंगळ होती. कोकिळा हुशार होती. कोणत्या पावाला किती आच लागते हे तिनं आठवड्याभरात ओळखलं. ताजा स्लाइस ब्रेड तीनवर. कालचा उरलेला दोनवर, कारण तो आधीच कोरडा असतो आणि पटकन करपतो. गोड दुधाचा ब्रेड एकवर, आणि तोही डोळ्यांत तेल घालून. त्यातली साखर बघता बघता काळी पडते. बन आडवा कापून. लादीचा पाव मात्र जाड, त्याला दोन्हीकडून थोडा तासून घ्यायचा, नाहीतर तो आत फसतो आणि मग वरही येत नाही नि खालीही जात नाही. शेजारणी बघायला यायच्या. माझी दांडी खटकन वर आली की एकदम दचकायच्या आणि मग हसायच्या. मला वाटायचं, अजून घाला, अजून घाला, थांबता कशाला?

शकुबाई दारात उभ्या राहून सगळं बघायच्या. एकदा त्यांनी विचारलं, “हे काय करून राह्यली वं?”

“टोस्ट करते, आई.”

“टोस? ह्याच्यात टोस होते?”

“हो ना. टोस्टच करायची मशीन आहे.”

मित्रांनो, घोटाळा इथेच झाला. शकुबाईंचा टोस वेगळा. बेकरीतून पुड्यात येतो तो, वेलचीचा, दगडासारखा कडक, चहात बुडवला की मऊ होऊन विरघळणारा. सकाळी दोन आणि चार वाजता दोन, हा त्यांचा जन्माचा नेम. त्यांनी ऐकलं ते बरोबर ऐकलं होतं. शब्द एकच, वस्तू दोन.

श्रावणात कोकिळा माहेरी गेली. हवेत ओल होती आणि पुड्यातले टोस सादळले होते. शकुबाईंनी मनाशी हिशोब केला, टोस मऊ पडला आणि घरात टोसची मशीन आहे, मग अडलं कुठं? त्यांनी दोन टोस माझ्या खाचांत सोडले. आकडा सहावर नेला, कारण जास्त म्हणजे चांगलं. मला ओरडावंसं वाटलं, पण मला तोंडं दोन असली तरी आवाज एकच आहे, खटक, आणि तो काम झाल्यावरच निघतो. टोस आखूड होते, तळाशी जाऊन आडवे फसले. धूर निघाला. अंकुशराव धावत आले आणि त्यांनी घाईत स्टीलचा चमचा माझ्या पोटात खुपसला.

निळी ठिणगी उडाली. अंकुशराव तीन पावलं मागे जाऊन पिठाच्या डब्यावर बसले. घराचा फ्यूज गेला आणि पंखा फिरायचा थांबला.

थोडं सावरल्यावर त्यांनी माझी दांडी दाबली. ती वर आली. परत दाबली, परत वर. तिसऱ्यांदाही तेच.

“दांडीच बसून नाई राह्यली. मेला हा,” ते म्हणाले.

आता ऐका. माझी दांडी खाली धरून ठेवतो तो एक विजेचा चुंबक. वीज असली तर तो धरतो, नसली तर सोडून देतो. घरात वीजच नव्हती तर दांडी बसणार कशी? पंखाही बंद होता, पण त्याला कुणी मेला म्हटलं नाही. अर्ध्या तासानं अंकुशरावांनी फ्यूजची तार बांधली, पंखा फिरू लागला, आणि मला विचारायला कुणी आलंच नाही. शकुबाई म्हणाल्या, “झटका मारते ते. माह्या पोराले घेऊन गेलं असतं.” झालं. कोकिळा परत येण्याआधीच मी कपाटावर, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि सासूबाईंनी तिलाही मला हात लावू दिला नाही.

पंधरा वर्षं. त्या वर्षांत मी काय केलं म्हणाल, तर चुळबूळ केली. खालून पोळीचा वास आला की तारा शिवशिवायच्या. कोकिळाला मुलगी झाली, मोहिनी. ती रांगली, पळाली, शाळेत गेली, आणि मी वरून नुसता बघत राहिलो. शिवाय घरात पाहुणे आले की एक किस्सा ठरलेला. “आमच्या आईनं टोस्टरमध्ये टोस टाकला होता,” अंकुशराव सांगायचे. सगळे हसायचे. शकुबाईही हसायच्या, आणि मग काहीतरी आणायचं आठवल्यासारखं करून आत निघून जायच्या. आत येऊन काही आणायच्या नाहीत. कपाटाकडे एकदा बघायच्या आणि नुसत्या उभ्या राहायच्या. ते फक्त मला दिसायचं.

दोन हजार सातच्या पावसाळ्यात शकुबाईंना साखर निघाली. डॉक्टरांनी टोस बंद केला. “बिनटोसाचा चहा म्हणजे बिनपोराचं घर,” असं म्हणून त्यांनी चहाच सोडला. चार वाजले की त्या दारात बसायच्या, उठायच्या, परत बसायच्या. त्यांची ती तगमग बघून मला माझ्याच जातीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटायचं.

दिवाळीची साफसफाई आली. रविवारचा दिवस होता. कोकिळानं मला खाली काढून अंगणात ठेवलं, गंजलेली शेगडी आणि फुटक्या बादलीशेजारी. भंगारवाला तानबा हातगाडी घेऊन दारात उभा. त्यानं मला उचलून हलवलं. पंधरा वर्षांचा चुरा माझ्या पोटात खुळखुळला.

“वायर कापून घेतो बाई, तिचा भाव अलग असते,” तानबा म्हणाला आणि त्यानं पक्कड काढली.

“थांबा ना काका,” मोहिनी म्हणाली. ती तेव्हा नववीत होती. “मी एकदा पाहून घेते.”

“पाहाचं काय त्याच्यात?” शकुबाई दारातून म्हणाल्या. “दे त्याले. माह्या डोळ्यापुढून जाऊ दे एकदाचं.”

मोहिनीनं दांडी दाबली. खटक, वर. माझा जीव खालीवर झाला. अंगणात पिन लावलेली नव्हतीच, आणि घरातही तेव्हा बारा ते चार लाईन नसायची, रोजचं लोडशेडिंग, आणि घड्याळात पावणेचार. म्हणजे पुन्हा तेच. पुन्हा वीज नाही, पुन्हा मेला.

पण मोहिनी तिथून उठली नाही. ती दांडीकडे बघत बसली. मग तिनं मला उलटं करून माझ्या तळाचं झाकण उघडलं, आतला चुरा झाडला आणि आत डोकावून पाहिलं.

“बाबा, त्या दिवशी तुम्ही दांडी कवा दाबली? फ्यूज लावायच्या आधी का नंतर?”

“आधी. काऊन?”

“नंतर दाबून पाह्यली होती?”

अंकुशराव डोकं खाजवू लागले. “नंतर कशाले? मेला होता तो.”

“बाबा, आत चुंबक आहे, विजेचा. आमच्या पुस्तकात आहे. लाईन नसन तं दांडी बसन कशी?”

तानबा म्हणाला, “पोरी, मले अजून अर्धं बोरगाव कराचं आहे.”

“पंधरा मिनिटं काका. पाणी पिजा, चिवडा खाजा.”

तिनं मला पुसलं, आत नेलं, पिन लावली आणि दांडी अंगठ्यानं दाबून धरली. ती पंधरा मिनिटं माझ्या पंधरा वर्षांपेक्षा मोठी होती, मित्रांनो. तिचा अंगठा पांढरा पडला. मग लाल झाला. तिनं हात बदलला. तानबानं चिवडा संपवून दुसऱ्यांदा हाक मारली. शकुबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभ्या होत्या. त्या आतही येत नव्हत्या आणि जातही नव्हत्या.

शेजारचा रेडिओ एकदम बोलायला लागला. पंखा हलला. माझ्या तारा करड्याच्या लाल होत गेल्या, जळक्या धुळीचा वास सुटला. मोहिनीनं हळूच अंगठा उचलला.

दांडी बसलेली होती.

शकुबाईंनी बारीक आवाजात विचारलं, “म्हणजे म्या नाई बिघडवलं हे?”

“नाई आजी. बिघडलंच नव्हतं.”

अंकुशराव ओट्याकडे बघत राहिले. “आई,” ते म्हणाले, “चमचा तं मीच घातला होता. हे मी कोणालेच नाई सांगतलं.” आणि ते बाहेर जाऊन तानबाला फुटकी बादली देऊन आले.

घरात त्या दिवशी ब्रेड नव्हता. पहिलं काम काय द्यावं? मोहिनीनं सकाळची पोळी घातली, ती पापडासारखी वाकडी होऊन बाहेर आली. मग तिनं कालची ज्वारीची भाकर घेतली, जाड कडेची, आणि टोसाएवढे रुंद पण त्याहून लांब तुकडे कापले, वरून चिमटीत धरता येतील असे. चारवर एकदा आणि उलटून तीनवर परत. खटक. तुकडे वर आले तेव्हा कडक, खमंग, बोटानं वाजवले तर वाजत होते.

“आजी, ज्वारीचा टोस. डॉक्टर यालेच खा म्हणते.”

कोकिळानं चहा टाकला, बिनसाखरेचा. शकुबाईंनी तुकडा कपात बुडवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी दुसरा तुकडा उचलला, मग पोराकडे पाहिलं.

“म्या तवाच म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या. “टोसचीच मशीन आहे ते.”

तेव्हापासून मी ओट्यावर आहे. आता पाहुण्यांना किस्सा शकुबाई स्वतः सांगतात आणि शेवटी सगळ्यांना ज्वारीचा टोस देतात. आधी कुणी हसायचं, ते त्या ठरवतात. स्लाइस, बन, पाव, भाकर, सगळं माझ्याकडे येतं आणि ज्याला त्याला त्याचा आकडा मिळतो.

मित्रांनो, मला फार काही मागायचं नाही. माझ्या पोटात चमचा घालू नका. काही फसलं तर आधी पिन काढा, मला गार होऊ द्या, मग उलटं करून हलवा. आठवड्यातून एकदा चुरा झाडा. आणि माझ्यासारखं कुणी गप्प पडलेलं दिसलं, तर त्याला कपाटावर टाकण्याआधी एवढं बघून घ्या, की त्या वेळी घरात लाईन होती का.

बाकीचं नंतर कधीतरी विचारा, आत्ता मला वेळ नाही. चार वाजून गेलेत, पंखा फिरायला लागलाय आणि शकुबाईंचा हात दांडीवर आलाय.